दोन खिशांचा स्वेटर

थंडी वाजत नाही असं छातीठोकपणे सांगणाऱ्या पोरांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या घरात सध्या असं एक पात्र आहे. माझी नात यशू नववीत आहे. पौषातल्या सकाळी यवतमाळच्या टेकड्यांवरून वारा खाली उतरत असतो, आणि ही बया अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फाटकाशी उभी राहून शाळेच्या बसची वाट पाहते. दंडावर काटा, नाकाचा शेंडा लाल, आणि वर मलाच विचारते, "आजी, तुला कशी गं एवढी थंडी वाजते?" तिच्या आईने घेतलेला चांगला जाडजूड टोपीवाला कोट कपाटात पडून आहे. तो घातला की ती जाडी दिसते म्हणे. मी शाल, मफलर, मोजे असा सगळा संसार अंगावर घेऊन ओट्यावर चहा पीत असते आणि तिच्याकडे पाहते. मला राग तिच्या मूर्खपणाचा येत नाही. राग याचा येतो की त्यात नवीन काहीच नाही. हा सगळा तमाशा आम्ही आधीच करून ठेवलेला आहे. पुढच्या पिढीने निदान मूर्खपणात तरी आपली काही भर घालावी की नाही?

आमचं गाव बाभुळगावच्या रस्त्यावरचं. नाव सांगून उपयोग नाही, कारण तिथे एसटी थांबते आणि तिथे एक जिनिंग होतं, यापलीकडे गावाची ओळख नव्हती. माझे बाबा त्या जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या त्या यंत्रांचं काही बिघडलं की बाबा. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की बैलबंड्यांची रांग पार आमच्या वस्तीपर्यंत यायची, आणि जिनची धडधड दिवसरात्र चालायची. आम्हाला तिची इतकी सवय, की कधी मध्येच ती थांबली तर अख्खी वस्ती दचकून जागी व्हायची. बाबा कामावरून यायचे ते डोक्यावर, मिशीवर आणि भुवयांवर कापसाचे तंतू घेऊन. माय त्यांना दारातच उभं करून फडक्याने झटकायची. घरात सरकीचा तेलकट वास, बाहेर पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, शेकोटीचा धूर. खोबरेल थिजून दगड झालेलं असायचं, म्हणून बाटली चुलीच्या वैलाजवळ ठेवायची. सकाळी रात्रीची भाकर तव्यावर कडक करून चहात चुरून खायची, नाहीतर जवसाची चटणी आणि वरून तेलाची धार. संध्याकाळी माय मिठाच्या पाण्यात तुरीच्या शेंगा उकडायची. त्या गरम गरम शेंगा ओच्यात घेऊन आम्ही शेकोटीपाशी बसायचो, म्हणजे खाणंही व्हायचं आणि पोटाला शेकही मिळायचा. थंडीपासून बचाव कसा करायचा हे आमच्या घरात सगळ्यांना चांगलं ठाऊक होतं. अक्कल कमी पडली ती शाळेच्या रस्त्यावर.

आठवीत गेले त्या हिवाळ्यात मायने मला नवा स्वेटर घेतला. यवतमाळला बसस्टँडजवळ दर हिवाळ्यात तिबेटी बायका ताडपत्रीखाली स्वेटरचे ढीग मांडून बसायच्या. मायने एका बाईसमोर बैठक मारली आणि तिच्या त्या जगावेगळ्या हिंदीत सुरुवात केली, "खिसेवाला होना हमको. दोनो बाजूने खिसा." त्या बाईने एकाहून एक सुंदर स्वेटर दाखवले. एक आकाशी रंगाचा होता, छातीवर पांढऱ्या हरणांची रांग असलेला. माझा जीव त्यातच अडकला. पण हरणांच्या स्वेटरला खिसे नव्हते, आणि बिनखिशाचा कपडा मायच्या लेखी अर्धवटच होता.

"खिसा नाही तं हात कुठी ठेवशीन? डोक्शावर?" ती मला म्हणाली.

शेवटी निवडला तो वांग्याच्या रंगाचा, जाड, समोर बटणं आणि दोन्ही बाजूंना पिशवीएवढे खिसे असलेला. मापाने मोठा, कारण मुलीचं अंग वाढतं असतं. बाह्या दोनदा दुमडल्या तरी बोटं झाकायच्या. "लग्नापावतर गेला पायजे," माय समाधानाने म्हणाली. त्या काळी सगळ्याच आया आपल्या पोरींसाठी आजची नव्हे, तर लग्नाच्या वयाची मापं घ्यायच्या. म्हणून आम्ही सगळ्या जणी शाळा संपेपर्यंत दुसऱ्या कुणाचे तरी कपडे घातल्यासारख्या दिसायचो.

आता शाळेचं सांगते. इतर दिवशी शाळा दुपारची असायची, त्यामुळे थंडीचा प्रश्न उन्हानेच सुटायचा. पण शनिवारची शाळा सकाळची. दिवस उगवायच्या सुमाराला मैदानावर रांगा लावून प्रार्थना, मग कवायत. त्यात शाळेची इमारत दुरुस्तीला काढली, आणि तो सगळा हिवाळा आमच्या वर्गाची शाळाच सकाळची झाली. पायाखाली दवाने भिजलेलं गवत, तोंडातून वाफ, आणि समोर आमचे कवायतीचे सर. ते स्वतः कानटोपी, मफलर, कोट आणि हातमोजे घालून आम्हाला "हात वर, हात खाली" करायला लावायचे. या वातावरणात कुठल्याही शहाण्या प्राण्याने अंगावर मिळेल ते घेतलं असतं. गावातल्या म्हशींच्या पाठीवरसुद्धा गोणपाट असायचं. पण आम्ही म्हशी नव्हतो, आम्ही आठवीतल्या मुली होतो.

हे खूळ काढलं मंगलने. मंगल ही पाटलांची नात. गोरी, उंच, वेणीला सॅटिनची रिबीन. तिच्याकडे नागपूरहून आणलेला स्वेटर होता, तरी एके दिवशी ती नुसत्या ब्लाऊज-स्कर्टवर आली. त्याच दिवशी वर्गातली एक बिचारी स्वेटर घालून, कानाला स्कार्फ बांधून आली होती. मंगलने तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय झालं वं? पोरगा का पोरगी?"

झालं. त्या दिवसापासून आमच्या वर्गात स्वेटर घालणारी मुलगी म्हणजे बाळंतीण. कान बांधले असतील तर ओली बाळंतीण. कुणी साधी शिंकली तरी मागून आवाज यायचा, "धुरी देल्ली का नाही आज?" मुलांनी लगेच आपला वेगळा कायदा केला. कानटोपी घालणारा तो चौकीदार. मग त्यांनी शर्टाच्या बाह्याही वर दुमडायला सुरुवात केली, जणू काही प्रत्येकाला सकाळी सकाळी विहीर खणायची होती. ओठ निळे, दात वाजतायत, बोटं इतकी बधिर की पेन धरता येत नाही, आणि एकमेकांना सांगणं काय, तर "मले तं गरमच होऊन राह्यलं." स्वतःच्या शरीराशी इतकं धादांत खोटं बोलणारी जमात मी नंतर कुठे पाहिली नाही. कॉलेजात नाही, नोकरीत नाही, निवडणुकीतही नाही.

मी घरून स्वेटर घालूनच निघायचे. माय दारात उभी राहून वरचं बटण लावल्याशिवाय सोडायची नाही. जिनच्या भिंतीचं वळण आलं की मी तो काढायचे, स्कार्फ त्यात गुंडाळायचे आणि दप्तरात कोंबायचे. मग दप्तर इतकं फुगायचं की त्यात पुस्तकं आहेत की मांजर, असा प्रश्न पडावा. परत येताना त्याच वळणावर तो पुन्हा अंगात चढवायचे. माय माझ्या गालाला हात लावून म्हणायची, "एवढा जाड सुटर असून पोरगी बर्फासारखी गार कशी पडते, काय समजत नाही." तिने त्या तिबेटी बाईला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या असतील.

इथे आमच्या घरातला एक कायदा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बाबांचे वडील, म्हणजे माझा आजा, पाटलांच्या वाड्यावर राबायचा. पाटलांनी एका हिवाळ्यात आपल्या अंगावरचा उतरलेला जुना गरम कोट त्याला दिला होता. आज्याने तो बरीच वर्षं घातला. मग नागपूरला दीक्षेचा सोहळा झाला. आजा बाबांना घेऊन गेला, पांढऱ्या कपड्यांत परत आला, आणि आल्या आल्या त्याने तो कोट धुतला. दोरीवर वाळवला, नीट घडी केली, आणि पाटलांच्या ओट्यावर नेऊन ठेवला. भांडण नाही, भाषण नाही. ठेवला आणि घरी आला. तो हिवाळा त्याने गोणपाट पांघरून काढला, आणि आजी त्याच्यावर जाम चिडली होती म्हणतात. बाबा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे होते. त्यांनी तो कोट हातात धरून आज्याच्या मागे मागे वाड्यापर्यंत नेला होता. त्यामुळे आमच्या घरात एकच गोष्ट निक्षून सांगितलेली होती. उपाशी राहू, उघडं राहू, पण या घरातलं माणूस कुणापुढे हात पसरणार नाही आणि कुणाचं दिलेलं अंगावर घालणार नाही. बाबा मारायचे नाहीत, ओरडायचेही नाहीत. पण माझा धाकटा भाऊ एकदा लग्नघरून कुणाचे तरी जुने बूट घेऊन आला, तेव्हा बाबांनी त्याला ते परत करायला लावले आणि नंतर आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. तो आठवडा भाऊ अजून विसरलेला नाही.

तर असं सगळं चाललेलं असताना एके सकाळी कवायतीचे सर वर्गावर आले. त्यांनी आम्हाला उभं केलं आणि रांगांमधून फिरू लागले. सगळा वर्ग उघड्या दंडांचा. एकाच्याही अंगावर गरम कपड्याची चिंधी नाही. सर मंगलपाशी थांबले.

"का गं मंगल, स्वेटर कुठं आहे?"

"गरम होते सर."

"शाबास! रक्त गरम आहे पाटलांचं," सर हसून म्हणाले आणि पुढे गेले. डॉक्टरांच्या मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "व्वा रे पहिलवान!" मग माझ्यापाशी आले. मला काही विचारलं नाही. आवाज मात्र एकदम मऊ केला. "सुजाता, शनिवारच्या कार्यक्रमात तुला स्टेजवर यायचं आहे बरं का. स्वच्छ कपडे घालून ये." आमच्या वस्तीतल्या आणखी काही मुलांना त्यांनी तसंच सांगितलं, आणि कोलामाच्या पोडावरून, म्हणजे जंगलातल्या आदिवासी पाड्यावरून, येणाऱ्या एका मुलालाही.

एकाच गारठ्यात, एकाच खुळापायी कुडकुडणारी ती सगळी पोरं. पण मंगलचे उघडे दंड पाहून सरांना तिचं रक्त दिसलं, आणि माझे उघडे दंड पाहून दारिद्र्य. स्वेटर आमच्या दोघींकडेही होता. तिचा कपाटात, माझा दप्तरात, सरांच्या हातापासून वीतभर अंतरावर. पण मला विचारायची त्यांना गरजच वाटली नाही. ते मुळातच सगळं जाणून होते. अशी माणसं मला पुढे आयुष्यभर भेटत राहिली, काही तर फारच उच्चशिक्षित होती. त्यांना तुमच्याबद्दल इतकं काही आधीच ठाऊक असतं, की तुम्ही तोंड उघडलं तर त्यांचा विरसच होतो.

मला बापडीला वाटलं, बक्षीस आहे. सहामाहीत माझा नंबर वर होता. घरी येऊन मी ही बातमी सांगितली तेव्हा मायने चुलीपुढे बसल्या बसल्या वस्तीला ऐकू जाईल असा जल्लोष केला. बाबा म्हणाले, "सीझन हाय, जिन सोडून मले येता नाही येणार. पन आल्यावर सांग सारं." शुक्रवारी मायने पितळी तांब्यात निखारे घालून माझा ब्लाऊज आणि स्कर्ट इस्त्री केला, अगदी कडक घडी पाडून. रात्री तिने ओल्या तुरीच्या दाण्यांची सोलेभाजी केली आणि माझ्या ताटात दोनदा वाढली. सकाळी तिने स्वेटरचं वरचं बटण लावलं, स्कार्फ बांधला, माझ्या केसांना वासाचं तेल लावलं. आणि मी नेहमीप्रमाणे जिनच्या वळणावर स्वेटर आणि स्कार्फ काढून दप्तरात कोंबले. स्टेजवर जायचं होतं, बाळंतीण होऊन कसं चालेल?

मैदानावर मांडव, मांडवात खुर्च्या, आणि खुर्च्यांसमोर गवतावर आम्ही. पाहुणे कुठल्याशा संस्थेचे अध्यक्ष होते. कुठल्या ते मला तेव्हा कळलं नाही आणि आता कळून घ्यायची इच्छाही नाही. सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणत. साहेबांचा वाढदिवस होता, आणि साहेब उशिरा येणार होते, कारण वेळेवर आले असते तर ते साहेब कसले? दव स्कर्टमधून आत झिरपून मांड्यांपर्यंत पोचलं तरी साहेब येईनात. मग गाडी आली. हारतुरे झाले. मग हेडमास्तरांनी साहेबांना शाल पांघरली. मग सरपंचांनी शाल पांघरली. मग सोसायटीने, मग पालक संघाने. साहेबांच्या अंगावर आधीच गरम कोट होता, त्यावर या शालींचे थर चढत गेले, आणि शेवटी बाहेर फक्त त्यांचा चेहरा उरला. त्यांच्यासोबत आलेल्यांनाही एकेक शाल मिळाली. समोर गवतावर उघड्या दंडांची दोनशेच्या वर पोरं कुडकुडत टाळ्या वाजवत होती. टाळ्या मात्र आम्ही मनापासून वाजवल्या, त्याने हात गरम होतात.

आणि मग कवायतीचे सर माईकसमोर आले. "आता साहेबांच्या शुभहस्ते गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना स्वेटरचं वाटप होईल."

टेबलावरची चादर दूर झाली. खाली राखाडी स्वेटरचा गठ्ठा. प्रत्येकाच्या छातीवर पांढऱ्या कापडाचा चौकोन शिवलेला, त्यावर साहेबांचं नाव आणि 'सप्रेम भेट'. लग्नातल्या भांड्यांवर नाव कोरतात ना, तसं. म्हणजे तो स्वेटर घालून पोरगं जिथे जाईल तिथे साहेबांची ऊब सोबत. पहिल्यांदा तो कोलाम मुलगा गेला. त्याच्याकडे खरोखरच काही नव्हतं आणि त्याला खरोखरच थंडी वाजत होती. त्याला मी हसत नाही, त्याने घेतला हे बरंच केलं. पण त्याला तिथेच तो घालायला लावला आणि खांदे धरून मैदानाकडे वळवला, सगळ्यांना चौकोन दिसावा म्हणून. फोटोवाल्याने पुन्हा एकदा वळायला सांगितलं, तेव्हा तो पुन्हा वळला.

पुढचं नाव माझं होतं हे मला माईकमधून येण्याआधीच कळलं. समोर गेले आणि हात पुढे केला, तर बाबांना कुठलं तोंड दाखवू? नाही गेले, तर सर ओढत नेतील. आणि दप्तरात, मांडीला टेकून, माझा वांगी स्वेटर. तो घालावा, तर समोरच्याच रांगेत मंगल बसलेली. आज साठी ओलांडल्यावर हे हास्यास्पद वाटतं, पण त्या वयात मंगलची भीती साहेबांच्या भीतीपेक्षा कितीतरी मोठी होती. माईकमधून नाव आलं. मग पुन्हा आलं.

मी दप्तर उघडलं. स्वेटर काढला आणि बसल्या जागी अंगात घातला. सगळी बटणं लावली, अगदी वरचंसुद्धा. बाह्या दोनदा दुमडल्या. मग म्हटलं, आता होऊनच जाऊ दे, आणि स्कार्फ काढून दोन्ही कानांवरून गच्च बांधला, हनुवटीखाली गाठ. उभी राहिले, तेव्हा मागून खसखस पिकली. मंगलचा आवाज स्पष्ट आला, "अवं माय! ओली बाळंतीन!" मी तशीच चालत स्टेजवर गेले.

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते माईकवर हात ठेवून पुटपुटले, "हे काय? काढ ते."

"थंडी वाजून राह्यली सर."

"अगं, मग साहेब देतायत ना! हा काढ, तो घाल."

"मले हाय सर सुटर."

"फोटोपुरता तरी काढ!"

म्हणजे पाहा. हिवाळाभर मी स्वेटर घालावा म्हणून कुणी जिवाचा आटापिटा केला नसेल, एका मायशिवाय. आणि आता शाळेतला एक जबाबदार शिक्षक पौषाच्या सकाळी एका पोरीच्या अंगावरचा चांगला गरम स्वेटर उतरवायला निघाला होता, कशासाठी, तर तिला स्वेटर देता यावा म्हणून. साहेबांनाही काही उमजेना. ते राखाडी स्वेटर दोन्ही हातांनी पुढे धरून उभे होते. खांद्यावरची एक शाल घसरत होती आणि ती सावरायला हात मोकळा नव्हता. "घे बेटा," ते म्हणाले, "लाजू नको."

"लाजत नाही साहेब. हा माह्या मायनं घेतला हाय."

"फोटो!" फोटोवाला खालून ओरडला. हातांचं काय करावं मला सुचेना. मोकळे सोडले तर सर धरून पुढे करतील, अशी भीती वाटली. म्हणून मी ते खिशात घातले, पार तळापर्यंत, आणि आत मुठी वळल्या. लख्खकन उजेड पडला. मग सरांनीच घाईघाईने साहेबांच्या हातून तो राखाडी स्वेटर घेतला आणि माईकवर सांगितलं की विद्यार्थिनी जरा लाजाळू आहे. तो स्वेटर पुढे कुठे गेला मला ठाऊक नाही. सरांचा मुलगा त्या हिवाळ्यात एक राखाडी स्वेटर घालायचा आणि त्याच्या छातीवर उसवलेल्या टाक्यांचा एक चौकोन होता. पण राखाडी स्वेटर जगात पुष्कळ असतात, मी कुणावर आळ घेत नाही.

मधल्या सुट्टीत मंगल दोघीतिघींना घेऊन आली. "काय वं, पोरगा का पोरगी?"

"पोरगी," मी म्हटलं. "अन् माह्यावरच गेली."

ती रिबीन नीट करत तिथून निघून गेली. यावरून क्रांती वगैरे झाली असं कुणी समजू नये. सोमवारी वर्ग पुन्हा तसाच, सगळे उघडे दंड, सगळ्यांना गरमच होत होतं. फक्त मी एकटी वांगी रंगात. आणि खरं सांगू? इतकं सुख वाटायचं त्या उबेत, की मी आजवर केवढी गाढव होते याचं मला नवल वाटायचं.

पण घरी गोष्ट अजून मिटलेली नव्हती. त्या दिवशी मी आल्या आल्या मायला सगळं सांगितलं. ती पदर खोचून सरांच्या घरी निघाली होती, शेजारणींनी तिला थांबवलं. संध्याकाळी बाबा आले. मी धावत गेले, पण माझ्याआधी बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, आणि ती वेगळीच होती. जिनच्या फाटकावर बंडीवाले, हमाल, वजनकाट्यावरचा बाबू, सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं होतं. "बरं झालं बाप्पा, साहेबाच्या हातानं पोरीले सुटर भेटला. तेवढंच तुहं भागलं." बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. कापूस झटकायलाही ते दारात थांबले नाहीत, तसेच आत जाऊन जेवायला बसले.

"पोरगी सांगून राह्यली ना, तिनं नाही घेतला म्हनून," माय म्हणाली.

"मी काय म्हनलं का काही?" बाबा म्हणाले. त्यांच्या पानात सोलेभाजी तशीच राहिली.

पुढचे दिवस वाईट गेले. बाबा माझ्यावर रागावलेले नव्हते, पण माझ्याकडे पाहतही नव्हते. रस्त्यात कुणीही भेटलं की त्यांना तेच ऐकावं लागत होतं, आणि प्रत्येकाला थांबवून माझी पोरगी तशी नाही हे सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी दोनदा रडले. भावाचा तो बुटांचा आठवडा मला आठवायचा. त्याने निदान बूट घेतले तरी होते. मी रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर तो वांगी स्वेटर घालून मुद्दाम येरझाऱ्या घालायचे, जणू काही त्याच्याकडे पाहिलं की त्यांना सगळं समजेल. माय म्हणायची, "काढ वं आता, चुलीपाशी बसून घामेजून गेली." मी काढायचे नाही.

मग एके दिवशी बाबा घरी आले ते काखेत पेपर घेऊन. नागपूरहून येणारा पेपर जिनच्या ऑफिसात यायचा, बाबूने त्यांना तो मुद्दाम दिला होता, घरी दाखवा म्हणून. आतल्या पानावर फोटो होता. खाली लिहिलं होतं की गरीब विद्यार्थिनी साहेबांच्या हस्ते स्वेटर स्वीकारताना. मी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. आता तर ते छापून आलं होतं. छापलेल्यापुढे माझं कोण ऐकणार?

बाबांनी खालचं काही वाचलं नाही. त्यांनी पेपर बल्बखाली धरला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला. भुवयांवरचा कापूस तसाच होता. शालींखाली दबलेले साहेब, पुढे केलेला राखाडी स्वेटर, दात दाखवणारे सर, आणि मध्ये कान बांधलेली मी, गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

"तुहे हात कुठी हायेत?" त्यांनी विचारलं.

"खिशात होते, बाबा."

त्यांनी पुन्हा एकदा फोटोकडे पाहिलं. मग पेपर माझ्या हातात दिला, कापूस झटकून घ्यायला दारात जाऊन उभे राहिले, आणि तिथूनच मायला म्हणाले, "खिशाचाच घेतला, ते बरं केलं तू."